जरा एवढं धरता का?

ती. स्व. ताईस,

शि. सा. न. वि. वि. (ही अक्षरं शाळेत असताना तूच माझ्याकडून घोकून घेतली होतीस. त्यातलं ‘सा. न.’ मला अजून कळतं. बाकीची सवयीनं येतात, त्यांचा अर्थ विचारू नये.)

तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? मध्यंतरी भाची भेटली होती, ती सांगत होती की ते हल्ली जिना उतरताना पायऱ्या मोठ्यानं मोजतात आणि शेवटची पायरी आली की स्वतःलाच शाबासकी देतात. माझाही डावा गुडघा आता बोलायला लागला आहे. बाकी मी बरा आहे. भूक तीच, चष्मा तोच, फक्त दोन्हींचा नंबर वाढला आहे.

तुझं कार्ड मिळालं. आठ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही तू ओळीच्या शेवटी जागा उरली नाही की शब्द खाली वाकवतेस. मजकूर चार ओळींचा होता, पण मी तो दिवसभर वाचत होतो. ‘घरी शिवणाचा वर्ग काढते आहे. सहा जणी येणार आहेत. बाबांचं कापायचं टेबल तुला नको असेल तर मला हवं आहे. नको असेल तरच.’ ते ‘नको असेल तरच’ वाचलं आणि खात्री पटली की कार्ड तुझंच, कोणी फसवलेलं नाही.

तर टेबल तुझंच. आणि आता खरी गोष्ट सांगतो. गुडघ्यामुळे मी हे तिसऱ्या मजल्यावरचं घर महिनाअखेरीला सोडतो आहे. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर एक खोली घेतली आहे. खोली चांगली आहे, पण तिच्यात टेबल ठेवलं तर मला बाहेर राहावं लागेल. घरमालकाला हे सांगितलं तर तो अगदी प्रेमानं म्हणाला, “राहू द्या की इथेच. सुतार बोलावून तुकडे करू, फळ्या छान निघतील.” बाबांच्या टेबलाच्या फळ्या! ज्या टेबलावर अर्ध्या गावाच्या सदऱ्यांचे खांदे आखले गेले, ज्याच्या कडेला बाबांनी स्वतः पटाशीनं इंच कोरले होते, आणि ज्याच्या एकविसाव्या इंचावर तुझा समोरचा दात पडला होता. त्याच दिवशी मी ठरवलं, की हे टेबल महिनाअखेरीच्या आत अखंड तुझ्या दारात उतरवायचं. टेंपो ठरवला. उरली होती फक्त चार माणसं. टेबलाचे कोपरे चार, म्हणून माणसं चार. त्यातला एक मी, म्हणजे तीनच. आता चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत तीन माणसं मिळणं यात काय अवघड आहे, असं मला वाटलं. (हे वाक्य लक्षात ठेव.)

माझ्या या वाटण्याला आधार होता. चौतीस वर्षं मी दारोदार विजेचे मीटर वाचत हिंडलो. कोण दार पूर्ण उघडतं, कोण साखळी लावून उघडतं, कोण मी वर चढल्यावर न सांगता स्टूल धरतं आणि कोण मी पडेन की काय या उत्सुकतेनं नुसतं बघत राहतं, हे मी बेल वाजवण्याआधी सांगू शकत असे. माणसं मदत का करतात आणि का करत नाहीत, या विषयात आपण पोचलेले आहोत अशी माझी समजूत होती. ती या पंधरवड्यात खाली आली. टेबलाच्या आधी आली.

पहिली चूक केली ती सूचनाफलकाची. जिन्याच्या तोंडाशी फलक आहे. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘रविवारी सकाळी दहा वाजता टेबल उतरवायचे आहे. तीन जणांच्या मदतीची गरज आहे. तिसरा मजला.’ रविवारी मी साडेनऊलाच दार उघडून बसलो. आठ कप चहाचं आधण ठेवलं. दहा वाजले, अकरा वाजले. जिन्यात पावलं वाजायची, मी उठायचो, पावलं दुसऱ्या मजल्यावर वळायची. एकही माणूस आला नाही. पण ताई, संध्याकाळी मात्र भेटेल तो विचारायचा, “काय, गेलं का टेबल? कोण कोण आलं होतं?” सगळ्यांनी वाचलं होतं! आणि प्रत्येकानं फलकासमोर उभं राहून उरलेली तेवीस बिऱ्हाडं डोळ्यांसमोर आणली होती आणि त्यातले तीन जण नक्की जाणार असं मानून तो निश्चिंत मनानं घरी गेला होता. फलकावर ‘एक माणूस हवा’ असं लिहिलं असतं तर कदाचित एक आला असता. सगळ्यांना हाक मारली की ती कोणालाच ऐकू जात नाही. चहा मी एकट्यानं संपवला. दोन दिवस झोप नाही.

मग म्हटलं, एकेकाला गाठू. पहिल्या मजल्यावर एक कॅशियर राहतो. चांगला माणूस. पण सोमवारी सकाळी मी जिन्यात उभा, हातात दोरी, चेहऱ्यावर अडचण, आणि हा माझ्या खांद्यावरून वाट काढत निघून गेला. ‘नमस्कार’ची दोनच अक्षरं माझ्या वाट्याला आली, उरलेली दोन तो बहुधा बसस्टॉपवर म्हणाला. मला राग आला. हाच माणूस गेल्या वर्षी पाण्याचा पंप बिघडला तेव्हा रविवारी चाळीस मिनिटं माझ्या बादल्या वर आणत होता! दोन दिवस मी त्याला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. मग लक्षात आलं, की माणूस तोच आहे, फक्त वार बदलला आहे. आठ सदतीसच्या बसला तोंड देणाऱ्या माणसाला मी दिसतच नव्हतो. मला मीटर वाचायचे दिवस आठवले. महिन्याच्या शेवटच्या तारखेला, वह्या जमा करायच्या दिवशी, रस्त्यात पडलेल्या एका म्हातारबुवांची पिशवी मी ओलांडून गेलो होतो. पन्नास पावलांवर गेल्यावर कळलं की ती पिशवी होती. परत आलो तेव्हा कोणीतरी उचलली होती. (हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. तू मोठी आहेस म्हणून सांगितलं.)

दुसरा गाठला तो व्यायामवाला. समोरच्या दारात राहतो. दंड माझ्या मांडीएवढे, छाती अशी की शर्टाची बटणं भीत भीत बसलेली असतात. त्याला मी म्हटलं, टेबल उचलायचंय. तो माझ्याकडे दयेनं बघून म्हणाला, “काका, माझ्या पाठीला जपायला सांगितलंय.” म्हणजे ते सगळं सामान नुसतं मांडून ठेवण्यासाठी आहे! तिसरा तळमजल्यावरचा घुम्या. त्याला सगळे घुम्याच म्हणतात. अकरा वर्षांत तो माझ्याशी एकूण सात शब्द बोलला असेल. त्याला विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. न बोलणारा माणूस नाहीच म्हणणार, असं आपण का धरून चालतो कोण जाणे.

या सगळ्यात मला आईची आठवण झाली. तुला आठवतं ना, आई कधी ‘मदत करा’ म्हणत नसे. ती समोरच्याच्या हातात वस्तू द्यायची आणि मग म्हणायची, “जरा एवढं धरता का?” धरलेलंच असायचं, नाही कसं म्हणणार! आणि ‘एवढं’ म्हणजे केवढं हे त्या माणसाला दोन मजले चढल्यावर कळायचं. टेबल या घरात आलं त्या दिवशी तिनं पोस्टमनच्या हातात एक टोक दिलं होतं. तो बिचारा एका पत्रावर सही घ्यायला आला होता. त्याच्यामागून दूधवाला आला, त्याला दुसरं टोक. मग समोरचे मास्तर नुसते बघायला आले, त्यांना मधला भाग. शेवटी नऊ जण लागले होते. बाबा पुढे, तू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून “डावीकडं! अहो, तुमचं डावीकडं!” असं मोठ्या माणसांवर ओरडत होतीस आणि मोठी माणसं ऐकत होती. तू नऊ वर्षांची, मी पाच. माझ्याकडे खडूची पेटी सांभाळायला दिली होती आणि टेबल माझ्यामुळेच वर चढतं आहे अशी माझी समजूत होती. मला अजून दिसतं ते: चारही पायांनिशी टेबल जिन्यातून हत्तीसारखं डुलत वर येतं आहे, पोस्टमनची टोपी वाकडी झाली आहे, आणि आई मागून प्रत्येकाला सांगते आहे, “झालंच हं, एवढंच.” त्यानंतर तो पोस्टमन आपलं पत्र नसलं तरी दारात थांबून टेबल कसं आहे विचारायचा. ज्याला एकदा मदत केली त्याच्यावर माणसाचा जीव जडतो, हे मी त्याच्याकडे बघून शिकलो.

पण आईची ही युक्ती बाहेरच्यांसाठी होती. घरात बाबांचा कायदा. घरात कोणी कोणाला मदत मागायची नाही, समोरच्यानं ओळखायची. “सांगावं लागलं तर मग घरातला कशाला, शेजारी काय वाईट?” असं म्हणून बाबा गप्प बसत, आणि त्यांना कात्री हवी आहे की पाणी हे त्यांच्या पाठीवरून ओळखावं लागे. तू ओळखायचीस. मी मात्र कात्री हवी असली की पाणी नेत असे.

हा कायदा आपण दोघांनी फार मन लावून पाळला. ताई, तू घर बदललंस त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मी आलो नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी काय करत होतो ते कोणाला माहीत नाही. मी सकाळी सातपासून बूट घालून फोनशेजारी बसलो होतो. रजा टाकली होती. दोरी आणली होती, नवी. म्हटलं, ताईचा फोन आला की निघायचं. न बोलावता कसं जायचं, तुला माझी गरज नसेल तर? साडेबाराला बूट काढले आणि तुझ्यावर रागावलो. आणि मध्यंतरी भाचीनं सहज बोलता बोलता सांगितलं, की त्या दिवशी सगळं सामान गेलं तरी तू तो मोठा पलंग दुपारपर्यंत हलवू दिला नाहीस. “मामा येईल, त्याला दुसरी बाजू धरता येते” असं म्हणत होतीस, आणि फोन कर म्हटलं तर म्हणालीस, “मी नाही सांगणार. त्याला कळत नाही का?” नव्हतं कळत, ताई. मी कात्री हवी असताना पाणी आणणारा. तू पलंगापाशी, मी फोनपाशी, आणि मध्ये आठ वर्षं.

असो. विषय टेबलाचा आहे. तर या सोमवारी मी आईची युक्ती केली. टेबल एकट्यानं सरकवत दाराबाहेर अर्धं काढलं, त्याचं एक टोक हातात धरून जिन्यात उभा राहिलो आणि वाट बघू लागलो. पहिल्यांदा आल्या दुसऱ्या मजल्यावरच्या भूमितीच्या बाई. (शाळेत भूमिती शिकवतात. चालतानाही वळण काटकोनात घेतात.) त्यांना म्हटलं, “बाई, जरा एवढं धरता का?” त्यांनी पर्स दाताखाली घेऊन धरलं! मग व्यायामवाल्यानं दार उघडलं. दोन म्हातारी माणसं आणि एक मास्तरीण अशी कुचंबलेली बघून त्याची पाठ आपोआप बरी झाली. (आम्ही दोनच होतो, पण तो पुढे सांगताना तीन सांगतो.) आणि चौथ्या कोपऱ्याला, कोण कुठून कसा आला कळलं नाही, पण घुम्या. तो म्हणाला, “उचला.” माझ्या हिशेबानं हा आठवा शब्द. वरच्या दोन्ही वळणांवर खिडकी आहे, तिच्यातून टेबलाचा एक पाय बाहेर काढून, फिरवून, पुन्हा आत घेतला. रस्त्यावरच्या लोकांना तो पाय कशाचा वाटला असेल देव जाणे.

तेव्हा कळवण्यास आनंद वाटतो, की टेबल घरातून निघालं आहे आणि सध्या मार्गावर आहे. तू वर्गाची तयारी सुरू करायला हरकत नाही. त्या सहा जणींना माझे आशीर्वाद सांग. भावोजींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला माझ्या गुडघ्याकडून नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझा,
खडूची पेटी सांभाळणारा भाऊ

ता. क. ‘मार्गावर’ हा शब्द अगदी खरा आहे, पण थोडा खुलासा हवा. टेबल पहिल्या मजल्याच्या खालच्या वळणावर अडकलं आहे. त्या वळणाला खिडकी नाही. ते वर जात नाही, खाली येत नाही. आज गुरुवार, म्हणजे चौथा दिवस. हे पत्र मी त्याच्यावरच लिहितो आहे, पायरीवर बसून. उंची बरोबर येते.

तुला वाटेल लोक चिडले असतील. पहिल्या दिवशी चिडले. आता सगळी इमारत टेबलाखालून ये-जा करते. खालून जायचं तर हातातलं सामान कोणाकडे तरी द्यावं लागतं, त्यामुळे रोज सकाळी आठ वाजता इथे दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात आणि “जरा एवढं धरता का?” एवढंच ऐकू येतं. कॅशियरची आठ सदतीसची बस काल चुकली, कारण तो तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची काठी आणि भाजी धरून उभा होता. भूमितीच्या बाई इथेच वह्या तपासतात. घुम्याचे शब्द मी मोजायचे सोडून दिले आहेत. ज्या इमारतीतून फलक वाचून एकही माणूस आला नाही, त्याच इमारतीतली माणसं आता खाली जायचं नसलं तरी इथे येऊन थांबतात.

पण घरमालक तिसऱ्या दिवशी आला आणि टेबलाखालून जाताना त्याचं डोकं आपटलं. रविवारी सकाळी नऊ वाजता तो करवत घेऊन सुतार आणणार आहे. इमारतीनं विनवण्या केल्या, पण जिना मोकळा हवा हे त्याचं म्हणणं खरं आहे. मलाही खोडता येत नाही.

दु. ता. क. बाईंनी काल जिन्याची मापं घेतली आणि कागदावर सिद्ध करून दाखवलं, की चार पायांसह हे टेबल या जिन्यातून कधीच वर गेलेलं नाही. म्हणजे मला दिसतो तो हत्ती खोटा. पाय वर आल्यावर बसवले होते. व्यायामवाला उताणा झोपून खाली सरकला तेव्हा त्याला लाकडाच्या खुंट्या सापडल्या, प्रत्येक पायाला तीन. एकही हलत नाही. घरमालकाबरोबर बघायला आलेला सुतार म्हणतो, त्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, ठरलेल्या क्रमानंच निघतात. चुकीची आधी ठोकली तर लाकूड फाटेल.

आणि तेव्हा मला आठवलं. मी जिन्यात खडूची पेटी घेऊन बसलो होतो, पण तू वर टेबलाखाली बाबांसमोर मांडी घालून बसली होतीस. फ्रॉकच्या ओच्यात खुंट्या होत्या. ते हात पुढे करायचे आणि तू न विचारता बरोबर ती खुंटी द्यायचीस. तो क्रम बाबांना माहीत होता आणि तुला. मी पंधरा दिवस चोवीस बिऱ्हाडांना मदत मागत हिंडलो आणि ज्या एका माणसाला काय करायचं ते माहीत आहे तिलाच विचारलं नाही. आपल्याकडे विचारत नाहीत ना.

ति. ता. क. हे पत्र कॅशियर स्वतः आणून देईल. तुझं घर त्याच्या वाटेवर नाही, उलट्या दिशेला आहे. बॅगेत घालायला तो इथे एका पायावर उभा आहे आणि “काका, सावकाश लिहा” असं म्हणतो आहे. तर सावकाश, पण सरळ लिहितो. ताई, रविवारी नऊच्या आत ये. मला तुझी मदत हवी आहे. ओळखायला लावत नाही, मागतो आहे.

आणखी एक. टेबलाखालून जाणाऱ्या प्रत्येकाला वर तुझ्या लहानपणच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेली एक पाटी दिसते, आणि सगळी इमारत ती मोठ्यानं वाचून मग पुढे सरकते: ‘हे घर ताईचे आहे. आत येताना विचारावे.’ आम्ही ती पुसलेली नाही. पण तू येताना विचारू नकोस. विचारायचं काम या वेळी मी केलं आहे.